हे मोडतं कसं?

आमच्या सरांना एक सायकल घ्यायची होती. ती घ्यायला त्यांना चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांतले माझे बहुतेक रविवार त्यात गेले. सर आता मीरा रोडला राहत नाहीत, नाशिकला मुलीकडे गेले. रविवार मोकळे झालेत. सकाळी चहा घेतो, पेपर चाळतो आणि अकरा वाजले की उगाचच चपला शोधायला लागतो.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागच्या बाजूला, एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमची धातू तपासायची लॅब आहे. खाली मशिनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. कुणी बोल्ट आणतं, कुणी पाइप, कुणी साखळी. आम्ही तो नमुना मशीनमध्ये धरून ओढतो, वाकवतो, तोडतो आणि किती जोराला तुटला ते सर्टिफिकेटवर लिहून देतो. सर त्या लॅबचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी चौदा वर्षं काढली.

उंच, काटकुळा माणूस. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कहून रोज सायकलने यायचे, काळी, जड, दूधवाल्यांची असते तसली. पॅन्ट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असायचा, तो दिवसभर तसाच. गिऱ्हाइकासमोर तसाच, शेठसमोर तसाच, आणि आमच्या अकाउंटंटच्या मुलीच्या रिसेप्शनला सुटाच्या पॅन्टलाही तसाच. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. नमुना तुटला की आम्ही सगळे मशीनवरचा आकडा बघायचो. सर मात्र दोन्ही तुकडे उचलून खिडकीशी जायचे.

“आकडा काय, तो मशीन सांगतंच. तुटलं कसं ते बघ.”

मग भिंग माझ्या हातात. तुटलेली जागा राखाडी, ओढल्यासारखी खरबरीत दिसली तर माल चांगला. तो आधी ताणला जातो, वाकतो आणि मग तुटतो. खडीसाखर फोडल्यासारखी चकचकीत दाणेदार दिसली तर वाईट. असा माल काही न सांगता एका क्षणात जातो. वाईट तुकडे सर फेकत नसत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायचे. आमच्याकडे नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, साहेबांना श्रीखंडाची फार आवड.

हा स्वभाव लॅबपुरता नव्हता. हॉटेलात प्लास्टिकची खुर्ची उलटी करून पाय बघितल्याशिवाय ते बसत नसत. पंख्याच्या बरोब्बर खाली तर कधीच नाही. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, सांगायच्या, “लग्न होऊन आले त्या रात्री यांनी पहिलं काम काय केलं, तर खाट सरकवली. मी म्हटलं, काय हो हे? तर म्हणतात, वरचा हूक कुणी लावलाय मला माहीत नाही.”

निवृत्तीच्या दिवशी आम्ही शाल दिली, समोसे मागवले. भाषण करा म्हटल्यावर सर उभे राहिले. “मी चौतीस वर्षं वस्तू तोडल्या. आता एक चांगली वस्तू घेणार आहे,” एवढंच म्हणाले आणि बसले. नंतर जिन्यात मला सांगितलं. उत्तनच्या रस्त्याला सकाळी लोक बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकलींवरून सुर्रकन जातात, तसली सायकल. साधी नाही, त्यातली चांगली. आयुष्यात एकदाच.

मला वाटलं, आठवड्याभरात घेतील.

“घेऊ रे,” सर म्हणाले. “पण फ्रेम कशाची घ्यायची?”

तिथून सुरुवात झाली.

पहिल्या वर्षी आम्ही दुकानं पालथी घातली. अंधेरी, ठाणे, वसई, पार चर्चगेटपर्यंत. थंडगार एसी, भिंतीवर टांगलेल्या सायकली, टी-शर्टातले सेल्समन. सर आत शिरले की पायाला चिमटा, गळ्यात भिंग, खांद्याला शबनम. सेल्समन आधी माझ्याकडेच बघायचा. एका दुकानातला प्रसंग मला अजून शब्दन् शब्द आठवतो. तिथल्या पोराने एका बोटावर फ्रेम उचलून दाखवली.

“अंकल, फुल कार्बन. वेट देखो. एकदम मक्खन.”

सरांनी फ्रेम हातात घेतली, फिरवली, भिंगातून एक सांधा बघितला. “अच्छा है. ये टूटता कैसे है?”

“टूटता नहीं है अंकल.”

“ऐसा कुछ होता नहीं.”

“मतलब... लाइफटाइम वॉरंटी है ना.”

“किसका लाइफटाइम? मेरा या इसका?”

पोराने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने कंपनीचं रंगीत पुस्तक दिलं. सरांनी ते तिथेच उभं राहून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, चाळीस मिनिटं. मी हेल्मेटांच्या कपाटासमोर उभा राहून एकेक हेल्मेट बघत होतो. शेवटी पुस्तक परत देत सर म्हणाले, “इसमें चलने का लिखा है. टूटने का एक शब्द नहीं.” आणि आम्ही बाहेर.

दुसऱ्या वर्षी दुकानं बंद झाली आणि बाल्कनी सुरू झाली. सरांनी चार तुकडे जमवले. पोलादी दांडीचा तुकडा भंगारातून आणला. ॲल्युमिनियमचा सीटखालचा पाइप कुणीतरी टाकून दिलेला मिळाला. केबिन रोडवरच्या सायकलवाल्याने कुणाचं तरी पडून मोडलेलं कार्बनचं हँडल दिलं. टायटॅनियम काही केल्या मिळेना. ते घरातच होतं. काकूंचं मनगट मोडलं होतं तेव्हा आत पट्टी बसवली होती, ती वर्षभराने काढली. सरांनी डॉक्टरांकडून मागून घेतली.

“माझ्या हातातली पट्टी यांनी दोरीला टांगली,” काकू मला पोहे देताना म्हणाल्या. “शेजारची विचारत होती, नजरेसाठी आहे का म्हणून.”

चारही तुकडे बाल्कनीत ओळीने लटकत होते. मुर्ध्याच्या पुढच्या मिठागरावरून आणलेलं खडे मीठ पाण्यात विरघळवून सर रोज सकाळी त्यांच्यावर शिंपडायचे. “आपल्याकडची हवा खारी. शिवाय घाम. सायकल राहणार इथे, तिकडे स्वित्झर्लंडला नाही.” रविवारी मी गेलो की आम्ही दोघं भिंग घेऊन तुकडे बघायचो. गंज कुठे धरला, रंग कुठे सुटला. मग चर्चा. ती दर रविवारी तीच असायची, फक्त सुरुवात वेगळ्या तुकड्यापासून व्हायची.

पोलादाबद्दल सर हळवे होते. “पोलाद सांगतं रे. वाकेल, करकर करेल, तडा दिसेल. तुला उतरायला वेळ देतं. पण आपल्या हवेत नळीच्या आतून गंजणार. आत कोण बघतं?” कार्बनवर त्यांचा रागच होता. “हलका, ताठ, सगळं कबूल. पण दगडावर एकदा आपटला की आतले थर सुटतात, वरून रंग तसाच चकाचक. तू बसतोस, तो काही बोलत नाही.” टायटॅनियमला नावं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते वेल्डरला ठेवायचे. “जोड देताना जराशी हवा लागली की जोड ठिसूळ. तो वेल्डर त्या दिवशी बायकोशी भांडून आला होता का, हे मला कोण सांगणार?” आणि ॲल्युमिनियम? “ते विसरत नाही. पोलादाला लहानसहान धक्क्यांचं काही वाटत नाही, कितीही बसू देत. ॲल्युमिनियमला प्रत्येक खड्डा लागतो. बारीकसा का असेना, लागतो. एक दिवस पुरे म्हणतं.”

“मग सर, कुठली?”

“बघू. घाई कुणाला आहे?”

मला होती. माझ्या मुलीच्या नाचाचे कार्यक्रम रविवारी, सासुरवाडीची बोलावणी रविवारी. आठवडाभर मशीनसमोर उभं राहून पाय दुखायचे. रिक्षातून सिल्व्हर पार्कला उतरलं की त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून चढायचो. बायको एकदा वैतागून म्हणाली, “त्यांना एक सायकल घेता येत नाही, आणि तुला नाही म्हणता येत नाही. बरी जोडी आहे.”

नाही म्हणता येत नव्हतं, त्याला कारण होतं. ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सरांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. एका फॅब्रिकेटरने झोपाळ्याचे हूक तपासायला पाठवले. खारीच्या अलीकडे एक मोठं कॉम्प्लेक्स होत होतं, तिथल्या मुलांच्या बागेसाठी. पाच नमुने आले. तीन चांगले तुटले. दोन खडीसाखरेसारखे, पटकन. सरांनी रिपोर्टवर ‘नापास’ लिहिलं आणि फाइल वर पाठवली. संध्याकाळी सर गेल्यावर शेठने मला बोलावलं. शेठ म्हणजे लॅबचे मालक. ओरडायचे नाहीत, हळू बोलायचे, त्याचीच भीती वाटायची.

“पाँच में से तीन पास है ना?”

“हां, लेकिन दो...”

“तो तीन का लिखो. तीन सँपल आए, तीन पास. साइन तुम्हारा भी चलता है. सर तो अब जा रहे हैं. उसके बाद लॅब कौन देखेगा, वो भी सोचना है ना मुझे.”

मी सही केली. कुणी हात धरला नव्हता. दोन मिनिटं पेन हातात धरून बसलो होतो, मग केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या वर, ते दोन हूक तुटलेल्या बाजू वर करून ठेवलेले होते. सर त्यांच्या जागेवर बसून नेहमीसारखं काम करत होते. मी तुकडे ड्रॉवरमध्ये टाकले. सर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, सहा महिन्यांत नाही, नंतरच्या कुठल्याही रविवारी नाही.

मी राहतो केबिन रोडला. लॅबला जायची वाट त्या कॉम्प्लेक्सच्या कुंपणावरून जाते. बाग झाली, रंग लागला, दोन झोपाळे टांगले गेले. रोज सकाळी जाताना मी तिकडे बघायचो. संध्याकाळी पोरं झोके घेत असायची, उंच, आणखी उंच, आणि माझी चाल मंदावायची, मान वळायची. काही झालं नाही. वर्ष गेलं, दोन गेली, काही झालं नाही. काही झालं नाही याने माणूस सुटत असेल असं मला आधी वाटायचं.

आणि रविवारी सर भिंग माझ्या हातात द्यायचे. “बघ, हे कसं तुटलं असेल?”

चौथ्या वर्षातला एक रविवार. उकाडा होता. बाल्कनीत तेच चार तुकडे, तेच मीठ. सर पोलादापासून सुरू झाले, टायटॅनियमपर्यंत आले आणि पुन्हा पोलादाकडे निघाले. मी आदल्या आठवड्यात तापातून उठलो होतो. मला एकदम सहन होईना.

“सर, कुठलीही घ्या हो! मोडणार तर सगळंच आहे. पण घ्या एकदाची!”

सरांनी भिंग खाली ठेवलं. रागावले नाहीत. “तू सांग मग. तू म्हणशील ती घेतो. खरंच.”

“मी कसं सांगणार?” माझा आवाज चढला होता. “माझ्या सांगण्यावर तुम्ही भरवसा ठेवाल? माझ्या सहीवर?”

स्वयंपाकघरात काकूंचं लाटणं थांबलं.

सर त्या चार तुकड्यांकडे वळले. मग म्हणाले, “ते हूक तुझ्या टेबलावर ठेवायला नको होते मी.”

“तुम्ही बरोबरच केलंत सर. चूक माझी होती.”

“ऐक. ते शेठच्या टेबलावर ठेवायला हवे होते. नाहीतर सरळ त्या बिल्डरकडे न्यायला हवे होते. सहा महिने राहिले होते माझे. म्हटलं, आता कुठे भांडण. तुझ्या टेबलावर ठेवले, तुला लाज वाटावी म्हणून. तुला वाटली. मी सुटलो.” त्यांनी चष्मा काढून धोतरासारख्या ढगळ लेंग्याला पुसला. “चौतीस वर्षं नापास करत आलो. नापास करणं सोपं असतं रे. शिक्का मारला, काम संपलं. हे चालेल, हे घ्या, असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आणि जे थांबवायला हवं होतं, ते थांबवायला मी जागेवरून उठलो नाही. मी काय सायकल निवडणार?”

काकू दारात येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ. त्यांनी विचारलं, “म्हणजे ते झोपाळे अजून तिथे आहेत?”

मी मान हलवली.

“आहेत ना? मग इथे काय बसलाय?”

त्याच दुपारी आम्ही त्या कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरीला भेटलो. माणूस सभ्य होता. पाणी दिलं, ऐकून घेतलं. “अंकल, चार साल से कुछ नहीं हुआ. फिर भी आप बोलते हो तो नेक्स्ट मीटिंग में रखूँगा. अगले महीने.”

“अगले महीने तक?” सर म्हणाले.

“प्रोसिजर है ना अंकल. और जिसने सर्टिफिकेट दिया है, वो लिख के दे कि गलत था. ऐसे मुँहजबानी कैसे निकालूँ?”

बाहेर आलो. चार वाजले होते. बागेत पोरं जमायला लागली होती. सर सरळ आत गेले, एका झोपाळ्यावर बसले, पाय जमिनीला टेकवले आणि मांडीवर शबनम घेतली. मला वाटलं दमलेत.

वॉचमन आला. “अंकल, ये बच्चों का है.”

“मालूम है. इसीलिए बैठा हूँ.”

सर साडेसात वाजेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या झोपाळ्यावर मला बसवलं. “झोका घ्यायचा नाही. पाय टेकलेले ठेव.” पोरं आधी हसली, मग रडली, मग आयांना घेऊन आली. एक बाई मराठीत तावातावाने म्हणाल्या, “लाज नाही वाटत, या वयात?” सर म्हणाले, “वाटते हो.”

सोमवारी मी कामावर, तर माझ्या जागी काकू जाऊन बसल्या. मटार सोलायला घेऊन. संध्याकाळी सुटून मी पोचलो तेव्हा दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी झोपाळ्यांवर बसलेले, समोर दहा-बारा पोरं घोळका करून, आणि काकू त्यांना मटार वाटतायत. मी काकूंना उठवून बसलो. त्या हळूच म्हणाल्या, “तू लिहून देणार आहेस ना? नाहीतर हे पावसाळाभर बसतील. मी ओळखते.”

मी त्या रात्री लिहिलं. साध्या कागदावर, माझ्या अक्षरात. पाच नमुने आले होते, त्यातले दोन नापास झाले होते, मी तीन नमुन्यांचंच लिहिलं, सही माझी. बायकोला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. “नोकरी जाईल?” तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, “एक झेरॉक्स काढून ठेव.”

सकाळी कागद सेक्रेटरीच्या हातात दिला. सर चार दिवस बसले. पाचव्या दिवशी वेल्डर आला, जुने चार हूक उतरले, नवे लागले. सेक्रेटरीने जुने हूक पिशवीत घालून आमच्या हातात दिले. “लो अंकल, आपका सामान.”

रविवारी लॅब बंद असताना मी ते मशीनवर लावले. सर शेजारी उभे होते. पहिला चांगला तुटला. दुसरा चांगला. तिसऱ्याला मशीन नुकतं ओढायला लागलं होतं, तेवढ्यात टण्णकन आवाज झाला आणि तुकडा जाळीवर आपटला. सरांनी तो खिडकीशी नेला, बघितला, मला दिला. चकचकीत होता. त्यावर जुना तडा वगैरे काही नव्हता. म्हणजे तो मोडायला आला नव्हता, फक्त मोडण्यासारखा होता. आणखी दहा वर्षं टिकला असता, किंवा पुढच्या गुरुवारी गेला असता.

चौथा सरांनी लावूच दिला नाही. “राहू दे,” म्हणाले. “दमलो मी.”

शेठपर्यंत कागद पोचायला आठवडा लागला. त्यांनी बोलावलं. तसेच हळू बोलले.

“चार साल में कुछ हुआ?”

“नहीं हुआ.”

“तो?”

शेठने कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. “काम करो. लेकिन आज से साइन मत करना.” तेव्हापासून मी फक्त मशीन चालवतो, आकडे लिहून देतो, सही दुसरा माणूस करतो. पगार तोच आहे. खुर्ची पोटमाळ्यावरून खाली आली. कॉम्प्लेक्सवरून जाताना अजून मान वळते, पण आता चाल मंदावत नाही. एवढाच फरक पडला.

त्यानंतरच्या रविवारी सरांचा फोन आला. “चल, घेऊन टाकू.”

तेच दुकान, तोच मुलगा. आता त्याला दाढी आली होती. त्याने सरांना ओळखलं आणि आधीच खुर्ची ओढून दिली. सर उभेच राहिले. भिंतीवरच्या एका सायकलीकडे बोट दाखवलं. राखाडी रंग, नीट घासलेले जोड, उत्तम काम. ॲल्युमिनियम.

मला धक्काच बसला. “सर, ही? हिला तर तुम्ही...”

“हो. हिला प्रत्येक खड्डा लागतो. म्हणजे हिला वय आहे.” सर हँडलवरून हात फिरवत होते. “जन्मभर पुरेल असं काहीतरी शोधत बसलो होतो. कुणाचा जन्म? मी चौसष्ट वर्षांचा. मला आणखी सात-आठ वर्षं चालवता आली तरी पुष्कळ. हीही तेवढी सहज जाईल. दोघांचं बरोबर जमतं.”

“अंकल, पक्का ना?” मुलाने विचारलं. “ये वाला टूटेगा कैसे, वो नहीं पूछोगे?”

“पता है,” सर म्हणाले. “पॅक मत करना. चला के ले जाऊँगा.”

जुनी काळी सायकल त्यांनी मला देऊन टाकली. पुढच्या रविवारी आम्ही पहाटे उत्तनला निघालो. सर पुढे, वाकड्या हँडलवर अवघडून वाकलेले, मी मागे त्या जड धुडावर धापा टाकत. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला, मुर्धा, राई, मोरवा. मिठागरांवर पाणी चमकत होतं. तरुण सायकलवाले मागून यायचे, “गुड मॉर्निंग अंकल” म्हणून निघून जायचे. सर एका हाताने उत्तर द्यायला जायचे आणि सायकल डगमगायची.

डोंगरीचा चढ लागला. सर अर्ध्यापर्यंत गेले आणि उतरले. मीही उतरलो. आम्ही सायकली ढकलत चालायला लागलो. वाटेत एका घराच्या ओट्यावर एक कोळीण बाई सुकी मासळी निवडत बसली होती. तिने आधी सायकलीकडे बघितलं, मग सरांकडे.

“काय वो बाबा, सायकल मोडली काय?”

“नाही,” सर म्हणाले.

“नवी हाय ना? मंग चालत का चाललाव?”

“सायकल चांगली आहे बाई. मीच दमलोय.”

“मंग बसा की हितं. कोन मागं लागलाय?”

तिने सुपं बाजूला सरकवून जागा केली. सर ओट्यावर टेकले, भिंतीला पाठ लावली. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं, ते अर्धं प्यायले, अर्धं मला दिलं. मी पिऊन तांब्या परत करेपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते. हेल्मेट डोक्यावर तसंच, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर पालथे. मी त्यांना चौदा अधिक चार वर्षं ओळखत होतो आणि झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

“झोपला गं बाई ह्यो बाबा,” ती आतल्या कुणाला तरी सांगत हसली आणि पुन्हा मासळी निवडायला लागली.

मी जरा बाजूला जाऊन काकूंना फोन लावला.

“पोचलात?”

“नाही. वाटेत आहोत. सर झोपलेत.”

“झोपलेत? कुठे?”

“एकांच्या ओट्यावर. भिंतीला टेकून.”

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मग उठवू नकोस त्यांना,” त्या म्हणाल्या. “जेवण मी झाकून ठेवते.”

ऊन वर यायला लागलं होतं. मी दोन्ही सायकली ओढून सावलीत लावल्या आणि सरांच्या शेजारी बसून राहिलो.